केळ्याचा वास

१४ मार्च, शुक्रवार

बाहेर उणे अठरा. तळ्यावरचा बर्फ अजून ट्रक पेलतो. आमच्या गावचा हॉकीचा संघ, ऑटर्स, काल उपांत्य फेरीत गेला. त्यामुळे टॅमरॅक गावात आज कोणी कामाला हात लावला असेल तर शपथ.

संध्याकाळी बंबखान्यात गेलो तर अस्वलांच्या गुहेत शिरल्यासारखं वाटलं. ऑटर्स खेळात आहेत तोवर गालाला वस्तरा लावायचा नाही, हा गावाचा नेम. बँकेचा मॅनेजर पाळतो, पाद्री पाळतो, मग आग विझवणारेच कुठे मागे राहणार? आमच्यात पगारी कोणी नाही. कोणी लाकडाच्या वखारीत कामाला, कोणी शाळेची बस चालवतं. भोंगा वाजला की सगळे धावतात. मी वयामुळे आता आगीत जात नाही. माझ्याकडे मास्क आहेत. ते धुवायचे, पट्टे बघायचे, हवेच्या बाटल्या भरायच्या आणि वर्षातून एकदा प्रत्येकाच्या तोंडावर मास्क नीट बसतो का ते तपासायचं.

आमची चीफ डार्लीन पेल्टिए हिनं आज त्या तपासणीचं काढलं. मास्कची कड जिथे टेकते तिथे दाढी चालत नाही असा नियम आहे, तेव्हा मंगळवारच्या आत सगळ्यांनी गुळगुळीत होऊन यावं, म्हणे. त्यावर जो गोंधळ झाला तो काय सांगावा. शेवटी तिनंच हात टेकले. "मास्क तुझ्या ताब्यात आहेत, वेइक्को. तू म्हणशील तसं," म्हणाली आणि निघून गेली. मी म्हटलं, आधी दाढीसकट तपासू, ज्याचा गळेल त्यानं दाढी काढावी. यात काय चुकलं? नियम लिहिणारे टोरांटोत बसून लिहितात, त्यांना आपला संघ जिंकताना बघायची सवयच नाही.

१७ मार्च, सोमवार

धाकटा भाऊ टाउनो सौनाला, म्हणजे वाफेच्या अंघोळीला, आला होता. माझी बायको गेल्यापासून सोमवारचा सौना आम्ही दोघं मिळून घेतो. दगडांवर पाणी टाकत मध्येच विचारतो कसा, "काढून टाकू का रे दाढी? चीफ म्हणते त्यात तथ्य असेल. माझी छाती आधीच खाणीनं अर्धी खाल्लीय."

खाणीचं खरं आहे. युरेनियमच्या खाणीत आम्ही दोघंही होतो, पण धूळ त्याच्या छातीत बसली, माझ्या नाही. खाणीत आम्हाला मास्क कोणी दिलाच नव्हता. पण दाढीचं प्रकरण वेगळं आहे. मागे ऑटर्स अंतिम फेरीत होते तेव्हा टाउनोनं मुलीच्या लग्नासाठी दाढी केली आणि ऑटर्स हरले. तेव्हापासून गाव त्याला 'वस्तरा' म्हणतं. दुकानात वस्तरा, चर्चमध्ये वस्तरा, त्याच्या मुलीची पोरंसुद्धा 'वस्तरा आजोबा' म्हणतात. तो हसतो, पण त्याला ते लागतं. मला लागतं हे तर नक्कीच.

"एकदा वस्तरा झालोच आहे," तो म्हणाला, "आता आणखी काय होणार?"

"दाढीला हात लावलास तर या सौनात पुन्हा पाऊल टाकायचं नाही," मी सांगून टाकलं. हरलो तर तो बायकोला, कोलेटला, घेऊन मुलीकडे राहायला जाईल, मला याच गावात तोंड दाखवायचं आहे.

"बरं बाबा," म्हणाला. धाकटा लहानपणापासून असाच आहे, मोठ्याचा शब्द खाली पडू देत नाही.

१८ मार्च, मंगळवार

तपासणी झाली. पद्धत सोपी आहे. माणसानं मास्क घालायचा, डोक्यावरून कापडी टोप ओढायचा, मी आत केळ्याच्या वासाच्या तेलात भिजवलेला कागद टांगतो. मान इकडे-तिकडे फिरवायची, वर-खाली बघायचं, मोठ्यानं बोलायचं. आतल्याला केळं आलं नाकाशी तर मास्क गळतो. नाही आलं तर बसला.

एकालाही वास आला नाही. बारा दाढ्या आणि बारापैकी बारा पास. डार्लीन एवढंच म्हणाली, "सगळ्यांनाच एकदम सर्दी झालीय वाटतं." बाईमाणसाला चीफ केलं की टोमणे ऐकावेच लागतात. टाउनो टोपात जरा जास्त वेळ गप्प राहिला. मी विचारलं, "काही येतंय का?" तो म्हणाला, "काही नाही." बाहेर आल्यावर मास्क उतरवता उतरवता म्हणतो, "आज कोलेटला केळ्याचा केक करायला सांगतो. का कोण जाणे, सारखा तोच आठवतोय." सगळे खो खो हसले. खादाड तो पहिल्यापासूनच.

२५ मार्च, मंगळवार

ऑटर्स अंतिम फेरीत! सात सामन्यांची झुंज, पहिला येत्या रविवारी. गळा बसलाय, आज एवढंच.

२९ मार्च, शनिवार

आज कारखान्याला आग लागली. गावाबाहेरचा, युरेनियमची पिवळी पूड शुद्ध करणारा. ज्या इमारतीत धूळ ओढून घेणारी यंत्रं आणि पिंपं आहेत ती पेटली. दुपारी भोंगा झाला आणि सगळं गाव खिडकीला लागलं.

पहिल्या फेरीला सगळे हवेच्या बाटल्या लावून गेले. टाउनोची बाटली सगळ्यांच्या आधी संपली. हवा संपत आल्याची बाटलीची शिट्टी वाजत होती, तसाच बाहेर आला तेव्हा मी चिडवलं, "हवा पितोस की बियर?" तो म्हणाला, गालापाशी गार वारं लागत होतं. आगीत गार वारं! मी नवी बाटली जोडून परत पाठवला.

तासाभरात ज्वाळा बसल्या, पण राखेत निखारे असतात. ते उपसून बघावे लागतात, नाहीतर रात्री पुन्हा पेटतं. भरलेल्या बाटल्या तोवर संपत आल्या होत्या, म्हणून उपसायला जाणाऱ्यांना फिल्टरचे मास्क द्यायचं ठरलं. कारखान्याचा माणूस म्हणाला, त्या पुडीला हे फिल्टर पुरतात, मास्क घट्ट असला म्हणजे झालं. तो किरणं मोजायचं यंत्र घेऊन दारात उभा होता. टाउनोचे पट्टे मी स्वतः ओढले. इतके ओढले की दुखतंय म्हणाला. मी म्हटलं, दुखू दे. चौघं आत गेले आणि सगळ्यात जास्त वेळ टाउनो राहिला, कारण यंत्राच्या पोटातली राख त्यानंच उपसली. बाहेर आला तेव्हा नखशिखांत पिवळट. कपडे तिथेच उतरवून गार पाण्याखाली उभं केलं सगळ्यांना, उणे अंशांच्या थंडीत.

कोणी मेलं नाही. अंतिम फेरीचा पहिला सामना पुढे ढकलला.

३१ मार्च, सोमवार

कारखान्यानं पाठवलेल्या बाईसमोर मास्क धुतले. धुण्याआधी ती प्रत्येकात किरणांचं यंत्र फिरवत होती. आतल्या बाजूला बहुतेकांत थोडी करकर झाली. हाताळताना लागतंच म्हणा. टाउनोच्या मास्कमध्ये मात्र यंत्र थांबेचना. हनुवटीच्या आत, कडेला लागून, पिवळी रेघ साचली होती. बाईनं विचारलं, "यानं आत असताना मास्क काढला होता का?"

मी तडक भावाकडे गेलो. तो सोफ्यावर पांघरुणात खोकत होता. रेघेचं सांगितलं आणि सरळ विचारलं. त्यानं माझ्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, मग म्हणाला, "हो. काच धुरकटली होती. जरा वर केला."

माझं डोकंच फिरलं. आयुष्यभर धुळीत काढलेला माणूस, आणि त्यानं विषाच्या ढिगात उभं राहून मास्क वर करावा? तोंडाला येईल ते बोललो. गाढव म्हटलं, आई असती तर थोबाडीत दिली असती असंही म्हटलं. तो मान खाली घालून ऐकत होता. कोलेटनं माझ्यासमोर कॉफी अशी आदळली की अर्धी टेबलावर. नवऱ्याला कोणी बोललेलं तिला खपत नाही. भावजय म्हणून गुणी आहे, पण फ्रेंच रक्त.

३ एप्रिल, गुरुवार

लघवीच्या तपासणीचा निकाल आला. बाकीच्यांचा युरेनियमचा आकडा थोडा वर, टाउनोचा कितीतरी जास्त. त्याला सडबरीच्या इस्पितळात हलवलं. डॉक्टर म्हणतो, मूत्रपिंड बहुधा सावरतील, भीती छातीची आहे. आगीतला धूर आणि तेजाब, वर ही पूड, आणि खाली खाणीनं आधीच कडक केलेली फुप्फुसं. आत बसलेली धूळ बाहेर काढायचं औषध नाही. छाती टिकली तर वाचला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच.

आणि हे सगळं काच धुरकटली म्हणून. मला झोप नाही.

७ एप्रिल, सोमवार

आज सौना पेटवला नाही.

ओटावाहून चौकशीची बाई आली आहे. तिनं मला बंबखान्यात बसवून विचारलं. मास्क बसत होता का? मी सांगितलं, बसत होता, मी स्वतः तपासला आहे, आगीच्या अकरा दिवस आधी. दाढी होती का? होती, सगळ्यांनाच होती, आणि सगळे पास झाले. मग आत पूड कशी गेली? त्यानं मास्क वर केला, तो स्वतःच कबूल करतो. तिनं लिहून घेतलं, मी सही केली. सख्ख्या भावाविरुद्ध सही करताना हात जड होतो, पण खोटं का बोलू? डार्लीन दाराशी उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

दुपारी सडबरीला जाऊन टाउनोला सांगितलं. वाटलं चिडेल. तर उलट माझाच हात थोपटला. "बरोबर केलंस. मीही तेच सांगितलंय. आता तो विषय नको." मग विचारलं ऑटर्सचं काय. दोन-एकनं पुढे आहेत म्हटल्यावर खूश झाला. नाकात प्राणवायूच्या नळ्या आहेत आणि दाढी मात्र राजासारखी भरघोस.

११ एप्रिल, शुक्रवार

गावात बातमी फुटली आहे. दुकानात म्हाताऱ्या चुकचुकतात, "बिचारा वस्तरा, मास्क वर करायला थोडं थांबला असता तर." बंबखान्यातली पोरं गप्प गप्प असतात. वखारीतल्या रेमीनं तर मला बाजूला घेऊन विचारलं, ती केळ्याच्या वासाची तपासणी पुन्हा घेता येईल का? मी म्हटलं, अंतिम सामने संपू देत, घाई काय आहे. तो दाढी खाजवत निघून गेला.

इस्पितळाच्या गाडीतळावर कोलेट भेटली. बारीक झाली आहे. मी तिला घरून आणलेले पाव दिले. ते हातात धरून ती म्हणाली, "वेइक्को, टाउनोनं मास्क वर केला असं तुला खरंच वाटतं?"

"तो स्वतः म्हणाला."

"तुझ्यासाठी तो काहीही म्हणेल."

मी वाद घातला नाही. नवऱ्याची बाजू घेणं हा बायकोचा धर्मच आहे, आणि बिचारीला झोप नाही. दुसऱ्या कोणाच्या नजरेनं बघायला तिला सांगायचं तरी कोणी?

१७ एप्रिल, गुरुवार

हे आज नीट लिहायचं आहे.

टाउनोला काल रात्रीपासून धाप. नळ्यांवर भागेना. सकाळी श्वासाच्या यंत्राची पोरगी आली, हसरी, मनगटावर बीव्हरचं गोंदण. यंत्र छातीत हवा ढकलतं आणि त्याला घट्ट मास्क लागतो. तिनं मास्क बसवला. लगेच शिट्टी सुरू, यंत्र बोंबलायला लागलं. तिनं पट्टे ओढले. शिट्टी. मोठ्या मापाचा आणला. शिट्टी. टाउनोचे ओठ निळे पडायला लागले होते. मी पुढे होऊन म्हटलं, मला द्या, हे माझं काम आहे, आणि मी माझ्या हातानं पट्टे ओढले, कारखान्याच्या दारात ओढले होते तसेच. शिट्टी थांबली नाही. माझ्या बोटांना दाढीतून वारं लागत होतं. गार वारं.

"कितीही ओढा, आजोबा," ती म्हणाली. "दाढीवर मास्क बसतच नाही. हवेला केसांतून वाट मिळतेच. दाढी काढावी लागेल."

टाउनोनं मान हलवली, नको. बोलायला दम नव्हता, तरी म्हणाला, "फायनल... चालू आहे." पोरगीला कळेना हा काय म्हणतोय. कोलेट भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

मी इस्पितळाचा वस्तरा मागितला आणि पलंगावर बसून त्याची दाढी केली. लहानपणी बाबा कामावर असत तेव्हा मीच त्याचं तोंड धुऊन द्यायचो, तसा तो डोळे मिटून बसला. केस टॉवेलवर पडत होते. केसांखालचा गाल किती आत गेला आहे ते तेव्हा दिसलं. पोरगीनं मास्क ठेवला, पट्टे हलकेच लावले, फारसे ओढलेसुद्धा नाहीत. शिट्टी नाही. काही नाही. यंत्र शांतपणे आत-बाहेर करायला लागलं आणि त्याच्या ओठांवर रंग आला.

 पोरगी गेल्यावर त्याच्या कानाशी वाकून म्हणालो, "टाउनो, तू मास्क वर केलाच नव्हतास."

तो माझ्याकडे बघत राहिला, तसाच, त्या दिवशी सोफ्यावरून बघितलं होतं तसा. मग हात उचलून त्यानं तोंडावरचा मास्क बाजूला सरकवला. यंत्र बोंबललं.

"हा बघ. आता केला वर," तो म्हणाला. "झालं तुझं समाधान?"

आणि मास्क परत लावून त्यानं डोळे मिटले. कोलेटनं धावत येऊन पट्टा नीट केला. मला ढकलून नाही, पण मी तिथे नसल्यासारखा.

मी गाडीत बसून रडलो. गाढव कोण ते मला कळलं.

२० एप्रिल, ईस्टरचा रविवार

ऑटर्स जिंकले. सातव्या सामन्यात, पाच-एक. टाउनोची दाढी तीन दिवस झाले नव्हती. दाढीचं आणि जिंकण्याचं काही नातं नसतं, हे शाळेतल्या पोराला कळतं. मला एकसष्टाव्या वर्षी कळलं, तेही असं.

नेमाप्रमाणे सगळे बंबखान्यात जमले, एकमेकांच्या दाढ्या काढायला. मला बोलावणं आलं. गेलो नाही.

२३ एप्रिल, बुधवार

टाउनो काल गेला. छाती टिकली नाही.

२८ एप्रिल, सोमवार

शनिवारी मूठमाती दिली. जमीन वरून सैल झाली आहे, खाली अजून गोठलेली. खणणाऱ्यांना दोन दिवस लागले. बंबाचे सगळे गणवेशात, सगळ्यांचे गाल गुळगुळीत. पोरं म्हणावीत अशी दिसत होती सगळी.

आज ओटावाच्या बाईला फोन केला. जे आहे ते सांगितलं. टाउनो दाढी काढायला तयार होता, मी अडवला. तपासणीत बाराही जण खोटं बोलले आणि मला ते ऐकायचंच होतं. मास्क दाढीमुळे गळला, मी पट्टे ओढले तेव्हाच तो गळत होता. तिनं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाली, "मिस्टर सारेला, तुमच्या भावानं मरण्याआधी दोनदा सांगितलंय की मास्क त्यानं स्वतः वर केला. इतर कोणी तपासणीबद्दल तक्रार केलेली नाही. तुम्ही आत्ता दुःखात आहात." मी म्हटलं, पोरांना विचारा. ती म्हणाली, विचारलं होतं. पुन्हा विचारीन.

मग डार्लीनकडे गेलो. तिला म्हटलं, मास्कचं काम दुसऱ्या कोणाला दे. तिनं किल्ली घेतली. "मी त्याच दिवशी हट्ट धरायला हवा होता," म्हणाली. 

५ मे, सोमवार

रेमीला गाठलं. म्हटलं, तुला केळ्याचा वास आला होता ना? तो ट्रकच्या चाकाकडे बघत म्हणाला, "आठवत नाही." त्याला दोन पोरं आहेत आणि त्याचाही आकडा वर आहे. त्याला काय आठवायचं आणि काय नाही ते त्यानं ठरवलं आहे.

दुकानात मी आता सगळ्यांना सांगतो. टाउनोनं मास्क वर केला नाही, मी त्याला दाढी काढू दिली नाही, म्हणून तो गेला. काउंटरवरची म्हातारी हेलेन माझा हात हातात घेते आणि म्हणते, भाऊ होता ना तुझा, असंच बोलणार तू. पाद्रीही तेच म्हणाला. बारमध्ये कोणीतरी टाउनोच्या नावानं ग्लास उचलला, 'वस्तऱ्यासाठी, जरा थांबला असता तर', आणि सगळे प्यायले. मी उठून ओरडलो तेव्हा मला खुर्चीत बसवून पाणी दिलं.

संध्याकाळी कोलेटच्या दारात गेलो. तिनं दार उघडलं. मी सगळं सांगितलं, शब्द न शब्द, सौनातलं सुद्धा. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि दार लावून घेतलं.

या गावात माझं म्हणणं खरं मानणारी ती एकटी आहे, आणि ती माझ्याशी बोलत नाही.